सभेकडे पाठ करून

आधी ताईचं सांगते, मग बाकीचं. आज मी घरापासून इतक्या लांब, दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात आयाचं काम करते, छातीवर बिल्ला लावून वॉर्डात फिरते, परक्या भाषेत परक्या माणसांशी बोलते. हे जिच्यामुळे झालं ती बाई मंगरूळपीरला एका खोलीत राहते. तिचे दोन्ही पाय आणि डावा हात पोलिओनं लहानपणीच नेले. ती प्रभूची गाणी गात गावोगाव फिरते. ताई माझ्या नात्यातली नाही. ती ख्रिस्ती, आम्ही मंगरूळच्या बाजूला भाजीपाला पिकवणारे. पण मला माणसांत आणलं ते तिनं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, नंतर लिहिता लिहिता घाबरून मी थांबले तर निदान एवढं तरी राहावं.

माझी शाळा आठवीत सुटली. उभं राहून धडा वाचायला सांगितलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, अंगाला घाम फुटायचा. एकदा बाकावरच कोसळले. आई म्हणाली, राहू दे. मग मी तिच्यासोबत बसस्टँडजवळ भाजी घेऊन बसायला लागले. तिथंसुद्धा भाव आई सांगायची, मी नुसतं वजन करायची. अशी बरीच वर्षं गेली. माझ्या वयाच्या पोरींची लेकरं शाळेत जायला लागली तरी मी आपली खाली मान घालून तराजू धरलेली.

ताई चाकाच्या खुर्चीतून मेथी घ्यायला यायची. शेजारची कोणी ना कोणी ढकलत आणायची. एक दिवस तिनं आईला विचारलं, "ही बोलत नाही काय वं?"

"भेते."

"कायले भेते?"

"सगळ्यालेच."

ताई हसली. "मंग माह्याकडे पाठव. माह्यापाशी असं काम हाय, का बोला बी लागत नाही अन् लोकायकडे पाहा बी लागत नाही."

काम असं होतं. ताईची पेटी. उजव्या हातानं ती पट्ट्या वाजवायची, अशी की ऐकत राहावं. पण पेटीला दुसरा हात लागतो, मागचा भाता मारायला, आणि तो तिच्याकडे नव्हता. म्हणून भात्याला दुसरं माणूस. ते पेटीच्या पलीकडून, तिच्या समोर बसणार. म्हणजे तोंड ताईकडे आणि पाठ सभेकडे. आधी तिची आई हवा द्यायची. ती गेल्यापासून जो सापडेल तो.

"भाजी सोडून हवा विकशीन का?" ताईनं विचारलं. मी मान डोलावली. एवढंच.

मग आम्ही दोघी फिरायला लागलो. रिठद, धनज, कारंज्याच्या बाजूची खेडी. कधी एसटी, कधी काळीपिवळी. खुर्ची गाडीत मावायची नाही, म्हणून मी ताईला पाठकुळी घ्यायची. तिचा उजवा हात माझ्या गळ्याभोवती, आणि कानाशी तिची बडबड सुरू. "हळू वं, मी काय कोबीचं पोतं हाय?" गावात उतरलो की कोणीतरी पेटी उचलायचं. कोणाच्या तरी अंगणात ताडपत्री टाकलेली असायची. माइकवाले चाचा मंगरूळचेच. रमजानच्या महिन्यात ते आमचा माइक जोडून द्यायचे, मशिदीत जाऊन रोजा सोडून यायचे आणि परत येऊन आवाज नीट करायचे.

ताईची गाणी तिनंच बांधलेली. चाली निंदणाच्या वेळी बाया म्हणतात तशा. त्यामुळे दुसऱ्या कडव्याला अंगणातल्या बाया आपसूक म्हणायला लागायच्या, त्या कोणत्याही देवाच्या असोत. मी त्यांना पाहायची नाही. माझ्यासमोर ताईचा गळा असायचा. गळ्याखालची हाडं वर आली की ती श्वास घेते आहे, म्हणजे आता ओळ येणार, म्हणजे भाता भरून ठेवायचा. एवढंच पाहत मी बसायची. मागे किती माणसं आहेत, कोण हसतंय, कोण उठून गेलं, मला काही पत्ता नसायचा. आणि मला सांगायला लाज नाही, मी इतकी सुखात कधीच नव्हते.

सुरुवातीला माझा हात पळायचा. कुत्रं भुंकलं, माइक किंचाळला की मी भाता जोरजोरात मारायची आणि पेटी ओरडायची. ताई गाता गाताच डोळे मोठे करायची. सभा झाल्यावर म्हणायची, "तू भेली का माही पेटी भेते. तिनं काय केलं तुहं?"

प्रत्येक गावात एक जण तरी विचारायचाच. धनजला एका म्हाताऱ्यानं अगदी माइकजवळ येऊन विचारलं, "ताई, तुमचा देव एवढा मोठा, मंग तुमाले उठवत काहून नाही?"

"उठवते ना बाबा," ताईनं माझ्याकडे बोट केलं. "रोज उठवते. हे पाहा, माणूस ठेवला त्यानं."

सगळे हसले. माझी पाठ तापली. पण वाईट नाही वाटलं.

मग एका वर्षी ताईच्या चर्चच्या मंडळीतली एक सिस्टर सुट्टीवर आली. ती इथं, या इस्पितळात नर्स होती. म्हणाली, आयांची जागा आहे, शिकवतात, राहायला खोली देतात, शाळा कमी असली तरी चालते. ताईनं मला न विचारता सांगून टाकलं, "हिचं नाव देऊन दे."

मी त्या दिवशी जेवले नाही. एक तर जाण्याची भीती. दुसरं, मी गेले तर ताईच्या पेटीला हवा कोण देणार? मोबाइलवर नुसतं संगीत लावून ती त्यावर गायला तयार नव्हती. "त्या डब्याच्या मागं मी पळू काय?" म्हणायची. पेटी बंद तर फिरणं बंद, आणि फिरणं बंद तर ताईनं खोलीत बसून दिवस दिवस करायचं काय? हे माझ्या डोक्यातून जाईना.

"मी नाही जात," मी म्हटलं.

"काहून?"

"तुही पेटी."

"पेटी माही हाय. तिची चिंता मी करीन. तू तुही कर. तुही माय थकली, भावाचं लगन झालं, उद्या त्या घरात तू कुठी बसशीन? तराजूमागं?"

ताईनं भात्यासाठी आपल्या भाचेसुनेला बोलावून घेतलं. दणकट पोरगी, कामरगावकडची, सारखी हसणारी. "मी सोयाबीनचं पोतं उचलते, हे काय एवढंसं फडफड," म्हणाली आणि सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसा भाता मारायला लागली. मी बाजूला बसून तिला दाखवत होते: गळा पाहा, हाडं पाहा. ती म्हणाली, "मले हाडंबिडं नाही दिसत जी, मी आपली मारत राहीन." मला रात्रीचा घास आणखी कडू झाला. मी मनात ठरवलं, पुढची धनजची सभा होऊ द्यायची, तिथं फजिती झाली की ताई आपोआप मला थांबवेल.

धनजच्या त्या सांजेला ताईनं मला सांगितलं, "आज तू समोर बस. बायांत."

मी पहिल्यांदा सभेत बसले. सभेकडून ताई कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं. लहानशी दिसत होती. पेटीच्या वर नुसतं डोकं आणि उजवा खांदा. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. म्हणाली, "तुमी त्या हवावाल्या बाई ना? मी म्हणतच होती. तुमची पाठ ओळखीची हाय, तोंड आज पाह्यलं."

गाणं सुरू झालं. माझं आवडतं, ज्यात एक ओळ इतकी लांब आहे की तिला एकच मोठा श्वास लागतो. ती ओळ आली आणि मधेच पेटी बसली. भाचेसुनेचा हात थकला होता. आवाज खाली खाली गेला. मी अर्धी उठले. शेजारची म्हणाली, "काय झालं वो? पाय झोपला काय?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं ती ओळ तिथंच तोडली. मधे "हो माय, हो माय" असं भरलं, तेवढ्यात पोरीनं हात बदलला, भाता भरला, आणि ताईनं उरलेली अर्धी ओळ म्हटली. पुढच्या कडव्यात तिनं आधीच दोन तुकडे केले. तिसऱ्यात "हो माय" बाया म्हणायला लागल्या. गाणं जणू असंच बांधलेलं होतं. कोणालाच काही कळलं नाही. मलाच तेवढं कळलं.

कारण मला एकदम आठवलं. मी नवीन होते तेव्हा हे गाणं असंच होतं. तुकड्या तुकड्यांचं. ती लांब ओळ नंतर आली, कितीतरी सभांनंतर. मला वाटायचं ताईचा गळा तयार होत चालला. गळा तिचा आधीपासूनच तयार होता. ती ओळ माझ्यासाठी थांबली होती. जसजसा माझा हात शांत होत गेला तशी ती ओळ लांबवत गेली. मी समजत होते मी तिच्या श्वासावर चालते. ती माझ्या श्वासावर गात होती, इतकी वर्षं, आणि मला कधी जाणवू दिलं नाही.

सभेनंतर मी तिला पाठकुळी घेतलं. शेवटचंच ते. मी विचारलं, "ताई, मले बी असंच सांभाळलं काय तू?"

"मंग? तू काय मायच्या पोटातून भाता शिकून आली होती?"

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर अजून भेली असती." मग कानाशी म्हणाली, "जा आता. ही बी शिकन. मले येते शिकवता."

मला थांबायला काही कारणच उरलं नाही. त्याचंही रडू आलं.

जाण्याच्या दिवशी ती बसस्टँडवर आली नाही. आदल्या दिवशीच म्हणाली होती, "मले तिथं आणणार कोण? आणणारी तर जाऊन राह्यली." हसत म्हणाली होती. मी बसमध्ये बसले तेव्हा आई खिडकीखाली उभी होती, आणि मी आईच्या डोक्यावरून रस्त्याकडे पाहत होते, खुर्ची येते की काय म्हणून.

इथं मला बरं आहे. भाषा थोडी थोडी आली. पेशंटचा बिछाना बदलताना, त्याला कुशीवर वळवताना माझा हात थरथरत नाही. मोठ्या सिस्टर म्हणतात, तू शांत आहेस. मला हसू येतं. पण संध्याकाळ झाली की मला धनजचं ते अंगण हवं असतं, ताडपत्रीचा वास, चाचांचं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग", गळ्याभोवती तो एक हात. इथं कोणी "काहून वं" म्हणत नाही. कधी कधी मी खोलीत एकटीच मोठ्यानं म्हणून पाहते.

रविवारी ताई फोन पेटीजवळ ठेवते. मी ऐकते. पहिल्या वर्षी गाणं तुकड्यांत होतं. मग ओळ जरा वाढली. मागच्या महिन्यात ती सगळी ओळ एका दमात आली. मी फोन कानाला घट्ट धरला. आनंद झाला, खरंच झाला, आणि वाईटही वाटलं, की आता तिथं माझ्या जागेवर खरोखर कोणी बसलं आहे.

पण त्या ओळीनंतर ताई खोकली. बराच वेळ खोकली. विचारलं तर म्हणते, धूळ. उजवा खांदाही दुखतो म्हणे, सगळं आयुष्य त्या एका हातावर काढलेलं. मला झोप लागत नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि लिहिलं की मागे घेता येत नाही, म्हणूनही. ताई, तुझा तो हात उचलेनासा होईल, गाणं थांबेल, तू खोलीत एका कुशीवर पडून राहशील, तेव्हा मी इथलं सोडून येईन. माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, अंग कसं पुसायचं, घास किती लहान करायचा, हे मी इथं रोज शिकते आहे. तुझ्यासाठी शिकते आहे असं समज. मी येईन आणि तुझं सगळं करीन, आणि तुला जड होणार नाही असं करीन.