आठल्ये सरांचा सत्कार

डोंबिवलीतल्या मानपाडा रोडवरच्या त्या डिग्री कॉलेजात कुणाचं काही चांगलं झालं, की तो माणूस आधी आठल्ये सरांना गाठायचा. आईला फोन नंतर. कारण वर्षाच्या शेवटी गुणगौरव समारंभ व्हायचा, त्यात स्टेजवर बोलावण्याआधी प्रत्येकाबद्दल चार वाक्यं बोलली जायची, आणि ती वाक्यं सुधीर आठल्ये बोलायचे. मराठीचे प्राध्यापक. शिकवायला कसे, असं विचारलंत तर मुलं जरा छताकडे बघतील. पण माइक हातात दिला की याच माणसाचा आवाज असा लागायचा की पहिल्या रांगेत डुलक्या घेणारे विश्वस्तसुद्धा दचकून टाळ्या वाजवायचे आणि मग शेजाऱ्याला विचारायचे, "कोणाला काय मिळालं हो?"

दुसरा कुणी असता तर 'आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीत सुवर्णपदक' एवढं वाचून मोकळा झाला असता. आठल्ये सरांनी त्या विनीतला कँटीनमध्ये बसवलं, चहा पाजला, खोदून खोदून विचारलं आणि स्टेजवर सांगितलं, "हा मुलगा पहाटे घरोघर पेपर टाकतो, आणि एजन्सीवाल्याकडून लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगी मुद्दाम मागून घेतो." बस्स. विनीतची आई अजून पाहुण्यांना मुलाची ओळख त्याच वाक्याने करून देते. एनसीसीची सोनल दिल्लीच्या संचलनाला जाऊन आली, तर सरांनी सांगितलं की तिला मिळालेले बूट एक नंबर मोठे होते, पुढे कापूस कोंबून ती कर्तव्यपथावर चालली आणि देशाला काही कळलं नाही. हॉल हसला, सोनलचे वडील रडले. स्टेजवर सर प्रत्येकाबद्दल इतकं गोड बोलायचे. खाली स्टाफरूममध्ये त्याच माणसांबद्दल काय बोलायचे ते इथे नको.

तर अशा आठल्ये सरांना यंदा स्वतःलाच काहीतरी मिळालं. पीएच.डी.

आता, ही पीएच.डी. म्हणजे कॉलेजातला एक जुना विनोद होता. "आठल्ये, पीएच.डी. आधी की पेन्शन आधी?" असं त्यांना लायब्ररियनसुद्धा विचारायचा. विषय होता कल्याण-भिवंडीकडच्या आगरी गावांतले धवले. लग्नात धवलारीण एकेक विधी पुढे नेत जी गाणी म्हणते ती. विषय सुरेख, पण धवलारीण रखमाबाई हट्टी. सर टेपरेकॉर्डर घेऊन दारात गेले की ती म्हणायची, "लगीन कुठं हाय? नवरी दावा, मंग गाईन." त्यामुळे ऐन मे महिन्यात, कुणाच्या तरी मांडवात, ओळख ना पाळख अशा वऱ्हाडात हा कोकणस्थ माणूस घामाने निथळत कोपऱ्यात बसलेला असायचा. दरवर्षी लग्नसराई संपली की प्रबंध पुढच्या मे महिन्यावर. कितीतरी जोडप्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत आठल्ये सर आहेत आणि ते कोण हे त्या घरांना आजही माहीत नाही.

शेवटी झाली एकदाची पीएच.डी. आणि पहिला टोमणा आला तो टिटवाळ्याहून, सुमतीताईंचा. सुमतीताई म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर सरांना वाढवलं तिनेच, त्यामुळे बोलायचा परवाना कायमचा.

"आता तरी फोटोत दिसशील का रे?"

"म्हणजे?"

"इतकी वर्षं स्टेजवर असतोस म्हणतोस. एका फोटोत नाहीस."

"ताई, माइक कोपऱ्यात असतो."

"लग्नातल्या भटजीचासुद्धा फोटो निघतो सुधीर."

सर हसले. पण बायकोला, नीलावहिनींना, जे कळायचं ते कळलं. फोटोची हौस नव्हतीच या माणसाला. आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल चार वाक्यं शोधत हिंडलेल्या माणसाला एकदा, फक्त एकदा, खुर्चीवर गप्प बसून ऐकायचं होतं की आपल्याबद्दल कुणाला चार वाक्यं सापडतात का. हे ते बोलले नाहीत. मेले असते तरी बोलले नसते. पण कपाटातलं जॅकेट ड्रायक्लीनला गेलं आणि समारंभाला अवकाश असतानाच परत आलं, त्यावरून वहिनींनी ओळखलं.

मग माइकवर कोण? सरांनी टीवायची, म्हणजे शेवटच्या वर्षाची, रुचिता भगत हेरली. कोपरला राहणारी, बोलायला धीट, आवाजात थोडी खरखर. महिनाभर तिला तयार केलं. श्वास कुठे, थांबायचं कुठे, शाल घेऊन येणाऱ्या मुलींना डोळ्याने कसं बोलवायचं. कागद हातात धरायचा नाही हा पहिला नियम.

"कागद दिसला की लोकांना वाटतं रेशनची यादी वाचतायत."

"सर, सगळं पाठ?"

"सगळं."

"आणि तुमचा परिचय कोण लिहिणार?"

"कोण म्हणजे? तू."

"मग तुम्ही चेक करणार?"

"अजिबात नाही," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिच्याभोवती घुटमळायला लागले.

"झाला का गं?"

"झाला सर. पाठ पण झाला."

"फार लांबवू नकोस."

"म्हणून दाखवू का?"

"नको, नको, नको!" सर दोन्ही हात हलवत पळालेच म्हणे.

पोरगी हुशार. ती रखमाबाईच्या गावाला जाऊन आलेली, ऑफिसातल्या क्लार्कशी बोललेली, आणि एका दुपारी नीलावहिनींकडे येऊन तासभर बसून गेलेली. हे कळल्यावर सरांना जेवण जाईना.

"काय विचारत होती?"

"बरंच."

"तू काय सांगितलंस?"

"तुम्हाला काय करायचंय? शनिवारी ऐका."

शनिवार आला. हॉल भरला. सत्कारमूर्तींसाठी पहिली रांग राखीव होती, तिथे सर बसले, आणि बसल्यावर त्यांना कळेना की हातांचं काय करायचं. शेजारी केमिस्ट्रीच्या क्षिप्रा मॅडम. कारखान्याच्या पाण्यातला रंग काढून टाकायच्या पद्धतीचं त्यांना पेटंट मिळालेलं. प्राध्यापकांपैकी यंदा हे दोघेच. मागे तिसऱ्या रांगेत नीलावहिनी आणि मांडीवर पिशवी घेतलेल्या सुमतीताई.

फक्त प्रमुख पाहुणे नव्हते. ठाण्याहून निघाले होते म्हणे. मोठी माणसं नेहमी निघालेलीच असतात.

रुचिताने सुरुवात छान केली. स्वागतगीत झालं, मग समूहगीत झालं, मग तेच समूहगीत परत झालं. मग मात्र तिची शिदोरी संपली. मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. एकाने ओरडून सांगितलं, "ओ दीदी, आता तुझाच सत्कार करून टाक ना!" सगळा हॉल हशाने फुटला. रुचिता पाणी प्यायली, तिने माइक गच्च धरला आणि म्हणाली, "तर... आपण सगळे..." आणि पुढे शब्दांनीच टाकलं तिला.

प्राचार्य आनंद पावशे कमरेत वाकून पहिल्या रांगेपाशी आले. माणूस वाईट नाही. पण फंक्शन म्हटलं की त्यांचा बीपी वर जातो आणि मग समोर दिसेल त्याला धरतात.

"आठल्ये सर, पाचच मिनिटं. पोरं हाताबाहेर चाललीत."

"सर, पण आज मी..."

"अहो, माहितीये ना! आज तुमचाच दिवस! म्हणून तर म्हणतो. पाचच मिनिटं."

यातला 'म्हणून' कुठून आला हे आजवर कुणाला उलगडलेलं नाही. सरांनी मागे वळून बघितलं. सुमतीताईंनी तिसऱ्या रांगेतून मान जोरजोरात 'नको' अशी हलवली. पण शिट्ट्या वाढल्या होत्या आणि माइकपाशी ती मुलगी रडवेली झाली होती. सर उठले.

आणि काय बोलले त्या दिवशी! खोटं कशाला, सगळी डोंबिवली हसवली असती. शिट्टी मारणाऱ्याला नावानिशी हुडकून काढून त्याच्या शिट्टीचं कौतुक केलं, तर तो लाजून खालीच बसला. मांडवातल्या गमती सांगितल्या, रखमाबाईची नक्कल केली. पाच मिनिटांची किती झाली कुणी मोजली नाहीत. सरही विसरले बहुतेक. सवय वाईट असते.

पाहुणे आले तेच घाईत. समई लावताना काडी विझली तर म्हणाले, "असू द्या, लागली असं समजू." रुचिता विंगेतून माइककडे निघाली, तोच स्टेजवरून पावशे सरांनी तिला पंजा दाखवला. थांब. एवढ्या मोठ्या माणसासमोर आता प्रयोग नकोत. आठल्ये सरांकडे बघून मात्र त्यांनी हसून मान हलवली. म्हणजे, चालू द्या.

विद्यार्थ्यांचे सत्कार झाले. एकेक नाव, एकेक छोटी गोष्ट, एकेक टाळ्यांची सर. पाहुणे घड्याळाकडे पाहत होते, तरी मधूनच हसत होते. मग शिपायाने एक चिठ्ठी आणून दिली, पावशे सरांच्या अक्षरात. प्राध्यापकांचा सत्कार प्रातिनिधिक. एकच घ्या. पाहुणे निघतायत.

एकच. आणि नावं दोन.

सरांनी पावशे सरांकडे बघितलं. कोणाचं? पावशे सरांनी हवेत हात फिरवला. कुणाचंही घ्या हो, लवकर घ्या.

आता बघा, किती सोपं होतं. तोंडातून एक नाव काढायचं. पण ज्या तोंडाने इतकी नावं पुकारली त्या तोंडाने हे नाव कधी पुकारलंच नव्हतं. 'प्राध्यापक डॉक्टर सुधीर आठल्ये' असं म्हणायचं, मग माइक सोडून चालत जायचं, शाल घ्यायची, आणि परत माइकपाशी येऊन स्वतःसाठी टाळ्या मागायच्या? विंगेत रुचिता उभी होती. तिचे ओठ हलत होते. पाठ केलेलं घोकत होती. तिला नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी झालं असतं. म्हणणारही होते. खरंच. हात अर्धा उचलला होता. तेवढ्यात पाहुणे खुर्चीवरून उठले, त्यांच्याबरोबर सगळं स्टेज उठलं, आणि सरांच्या तोंडून, आपोआप, त्या सुरेल आवाजात निघालं, "प्राध्यापकांच्या वतीने, प्रातिनिधिक स्वरूपात, मी आमंत्रित करतो..."

क्षिप्रा मॅडम. त्यांचा मुलगा लहानपणी नाल्याचं पाणी आज कुठल्या रंगाचं यावर मित्रांशी पैज लावायचा, आणि मॅडमनी ठरवलं की एक दिवस तो पैज हरला पाहिजे. चारच वाक्यं. पाहुणे जाता जाता थांबून ऐकत राहिले. मॅडम शाल घेताना मागे वळून पुटपुटल्या, "सर, तुमचं?" सरांनी हातानेच सांगितलं, समोर बघा, फोटो.

पाहुणे गेले. आभार मानायचे होते, तेही सरांनीच मानले.

मग लोकांनी गराडा घातला. "आठल्ये, आज काय रंगलात!" "आजच्यासारखं अँकरिंग नाही झालं कधी!" पावशे सरांनी तर मिठीच मारली. "लाज राखलीत! तुमचं आपण स्टाफ मीटिंगमध्ये करू. निवांत." स्टाफ मीटिंग म्हणजे वडे येईपर्यंत चालणारा प्रकार, हे दोघांनाही माहीत होतं.

हॉल रिकामा झाला. मंडपवाल्यांची माणसं खुर्च्या एकात एक घालू लागली. रुचिता स्टेजच्या पायरीशी उभी होती, काजळ गालावर आलेलं.

"सर, आत्ता म्हणू का मी?"

सरांनी इकडेतिकडे बघितलं. पूर्वीसारखे 'नको नको' म्हणाले नाहीत. जॅकेट सारखं केलं आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची अजून उचलायची राहिली होती, तीवर बसले.

"म्हण."

रुचिता ताठ उभी राहिली. श्वास घेतला, शिकवला होता तसा. "आपल्या कॉलेजात एक माणूस असा आहे..." मागे खुर्च्यांची चळत धाडकन आदळली. ती थांबली. परत म्हणाली, "आपल्या कॉलेजात..." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"सर, नाही येत. समोर कोणीच नाहीये ना. असं नुसतंच... वेडपटासारखं वाटतं."

"बरोबर आहे गं," सर म्हणाले. "बरोबर आहे तुझं." आणि मंडपवाला खुर्चीसाठी थांबलाय हे पाहून उठले.

रिक्षात मधे सुमतीताई, दोन बाजूंना दोघं. स्टेशन येईपर्यंत ताई गप्प राहतील ही आशा फोल होती.

"त्या बाईंचं नाव घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग स्वतःचं घ्यायचं होतंस."

"ताई, स्वतःचं नाव घेऊन स्वतःच टाळ्या कशा मागायच्या?"

"मागायच्या कशाला? मी टिटवाळ्याहून कशाला आले होते?"

सरांनी ताईंच्या पाठीमागून मान वळवून, अगदी हळू, नीलावहिनींना विचारलं, "त्या मुलीला तू काय सांगितलं होतंस माझ्याबद्दल?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. रिक्षा खड्ड्यात आपटली, ताई "अगं आई गं" म्हणाल्या, ड्रायव्हरने पुढच्या टेम्पोवाल्याला एक शिवी हासडली.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ते असं रिक्षात नाही हो सांगता यायचं."