अण्णाची चव

"आत्याबाई, अण्णा गेले वो..." सकाळीच मीनाचा, माझ्या भावाच्या सुनेचा फोन आला.

माझा थोरला भाऊ शिवलिंगअण्णा म्हणजे वालूरचा आचारी. लग्न ठरलं की लोक आधी अण्णाची सवड विचारायचे. साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून ताटातली बुंदी तो बाजूला सारायचा आणि भट्टीपाशी दिवसभर पाक चाखायचा! मी हटकलं की म्हणायचा, "चाखनं म्हंजी खानं हाय का? आचाऱ्यानं चाखायचं न्हाई तर काय वास घ्यायचा?" वर रक्त तपासायच्या आधी दोन दिवस कडक पथ्य. रिपोर्ट चांगला आला की मिशीला पीळ. लबाड कुठला! डॉक्टरला फसवतोय असं त्याला वाटायचं...

आठ वर्षांपूर्वी पेडगावच्या लग्नात कढईपाशी त्याला दरदरून घाम सुटला, धाप लागली. "भट्टीची धग हाय," म्हणाला. छातीत कळ नाही, म्हणून मीही पित्त समजून ओवा चावायला दिला. अजून स्वतःचा राग येतो. मीनानं मात्र त्याच्या हातातला झारा काढून घेतला, जीपमध्ये घातलं आणि परभणी गाठली. हार्ट अटॅकच होता. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा बधिर होतात, कळ जाणवतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी झाली आणि अण्णाचं पितळ उघडं पडलं.

लहान लेकरासारखा रडला तो. मग म्हणाला, "मीना, आता चव तू बघायची." बाई पाक बघणार म्हणून लोक हसले. "हसा लय. मला नातीचं लगीन बघायचं हाय," अण्णा म्हणाला. गोळ्या, चालणं, तपासणी, काही चुकवलं नाही. नातीच्या लग्नात बुंदी मीनानं पाडली आणि हा खुर्चीत बसून सगळ्यांवर खेकसत होता. किती खूश होता!

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना मला घाम फुटला, जीव घाबरा झाला. कळ नव्हती. साखर मलाही आहे. "पित्त झालं असंल," आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, "पित्त न्हाई. गाडी काढा."

हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबत आली होती. "वेळेत आलात, आता काळजी नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दुखत नसताना ओळखलं कसं?"

"भावामुळं कळलं."

"हुशार दिसतात. त्यांना घेऊन या एकदा."

डोळे भरून आले, तरी हसू फुटलं. म्हटलं, "त्यानंच आणलंय मला."