डावा हात

घानातल्या आमच्या गल्लीतल्या संत्रीवाल्या म्हातारीने काल नेओमीच्या हातावर चापट मारली.

नेओमी माझी शेजारीण. तिच्या पूर्वजांना गुलाम करून इथून नेलेलं. तिने गेल्या महिन्यात अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं आणि ती इथलीच झाली. पण आहे जन्माची डावखुरी. सोललेलं संत्रं घ्यायला तिने डावा हात पुढे केला. तो इथेही, आपल्याकडच्यासारखाच, चालत नाही.

"आईने काही शिकवलं नाही का गं?" म्हातारी म्हणाली.

नेओमीने हात बदलला. घरी येईपर्यंत ती मनगट चोळत होती आणि हसत होती. मला मात्र काहीतरी टोचत राहिलं. माझ्या उजव्या हातात पिशवी होती, म्हणून मीही डावाच हात पुढे केला होता. मला म्हातारीने हसून संत्रं दिलं. पाहुण्याला कोण शिकवणार?

तेव्हापासून साताऱ्याचं घर डोक्यातून जात नाही. मागच्या सुट्टीत आरतीनंतरच्या गडबडीत प्रसाद वाटणाऱ्या काकूपुढे मी डावा हात केला होता. लहानपणी याच काकूने फटका दिला असता.

त्या दिवशी मात्र ती हसली आणि तिने प्रसाद हातावर ठेवला.