डोरीनबाईंची कडी

आमच्या मिनेसोटातल्या विद्यापीठात एका मोठ्या कॉम्प्युटर मशीनला चाळीस टर्मिनलं, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड, जोडलेली होती आणि ते मशीन डोरीन हॉगेन सांभाळायच्या. त्याआधी बावीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. गावात कोण कुणाशी काय बोलतं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यातला एक शब्द कधी बाहेर फुटला नाही. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली, हे मी अजून मिरवतो.

त्या काळी कुणीही कुणाच्याही स्क्रीनवर थेट निरोप टाकू शकत असे. तुम्ही प्रबंध लिहिताय आणि ऐन वाक्यात उमटायचं, 'जेवायला येतोस का?' निरोप फक्त स्क्रीनच्या काचेवर असायचा, फाइलमध्ये नाही. पण नवखी पोरं घाबरून तो खोडायला जायची आणि स्वतःचाच परिच्छेद खोडून बसायची. असं कुणी रडत आलं की डोरीनबाई आधी कॉफी द्यायच्या, मग 'मेस्ग एन' ही कमांड शिकवायच्या. ती दिली की स्क्रीनला कडी लागली, कुणाचा निरोप आत येत नाही.

"दार तुझं, कडीही तुझीच. लावायला लाजायचं नाही," असं त्या बजावायच्या.

ती कडी ओलांडायची मुभा मशीनवर एकट्या बाईंना होती. तोवर माझ्यादेखत त्यांनी ती दोनदाच वापरली होती, दोन्ही वेळा वीज जाणार होती म्हणून.

विभागप्रमुख डॉक्टर व्हिटलॉक यांना याचाच राग. त्यांच्या गुरुवारच्या व्याख्यानाला चार डोकी जमायची आणि सूचना पोचत नाही म्हणून खापर फुटायचं कड्यांवर. एकदा ते खाली मशीनखोलीत आले आणि म्हणाले, व्याख्यानाची सूचना बाईंनी सगळ्यांच्या स्क्रीनवर टाकावी, नाहीतर महिनाअखेरीला ही खुर्ची दुसऱ्याला जाईल.

बाईंनी चष्मा काढला. "खुर्ची द्या कुणाला हवी त्याला, डॉक्टर. पण आज मी व्याख्यानासाठी कड्या ओलांडल्या, तर खरंच काही पेटेल तेव्हा माझ्याकडे कोण बघणार?"

बाईंना नवरा नव्हता, घर याच पगारावर चालायचं. त्या मात्र शांतपणे मशीनची टेप बदलायला गेल्या.

दोन आठवड्यांनी, ऐन जानेवारीत, मशीनखोली गार ठेवणाऱ्या यंत्राचा नळ गोठून फुटला. खोली भराभर तापू लागली. मशीन बंद करणं भागच होतं आणि छत्तीस जण कामात होते, त्यातल्या एकवीस जणांच्या कड्या लागलेल्या. बाईंनी निरोप टाकला: 'मशीन तापतंय. काम साठवा. चार मिनिटांत बंद करते. डोरीन.'

एकानेही फोन करून खरं का म्हणून विचारलं नाही. बाईंच्या स्क्रीनवर कामात असलेल्यांची यादी होती, तिच्यातली नावं पटापट गळत गेली. तीन मिनिटांनी एकच उरलं, मग तेही गेलं. बाईंनी मशीन बंद केलं. कुणाची एक ओळसुद्धा गेली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

थोड्या वेळाने व्हिटलॉक जिना उतरून आले. सकाळपासून ते पुस्तकाचं प्रकरण लिहीत होते.

"तुमचं नाव नसतं तर मी तो निरोप वाचलाही नसता," ते म्हणाले.

"कडी तुम्हीही लावली होती, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "शेवटचं नाव तुमचंच होतं."

खुर्चीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या गुरुवारी व्याख्यानाची सूचना कागदावर लिहून व्हिटलॉक यांनी स्वतःच्या हाताने टर्मिनलच्या खोलीबाहेर चिकटवली.