दमयंतीकाकूंनी सातबाऱ्यावर चढवलेली वाट

मुरबे गावाच्या अलीकडे खाडीला लागून एक वाडी आहे. सातबाऱ्यावर कृष्णकांतकाका आणि दमयंतीकाकू अशी नवराबायको दोघांचीही नावं आहेत, पण गावात कुणालाही विचारा, ‘दमयंतीबायची वाडी’ असंच सांगतील. काकांची उमेदीची वर्षं बोईसरच्या एका कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. वाडी उभी केली ती काकूंनी. नारळ, केळी, थोड्या पानवेली, हिवाळ्यात वांगी-मिरची. दोघं राहतात गावात. वाडीत फक्त पंपाची खोली.

वाडीत खोट एकच. ती रस्त्यावर नाही. पुढे पद्माकरभाऊंची चिकूची वाडी, तिच्यापुढे डांबरी रस्ता. एका अंगाला कोळंबीचं तळं, दुसऱ्या अंगाला खाजणाची खारी दलदल, मागे खाडी. जायचं-यायचं ते पद्माकरभाऊंच्या चिकूंमधून. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा तिथून बैलगाडी जायची, पुढे टेम्पो जाऊ लागला. पद्माकरभाऊंनी कधी हटकलं नाही आणि काकूंना कधी विचारावंसं वाटलं नाही. केळीचा घड उतरला की त्यातली एक फणी भाऊंच्या ओट्यावर जायची, एवढाच काय तो व्यवहार.

भाऊ गेले. मुलं मुंबईला, त्यांनी वाडी विकून टाकली. घेतली बोईसरच्या चिराग नावाच्या ट्रान्सपोर्टवाल्याने. त्याला आईवडिलांसाठी गावाकडे घर बांधायचं होतं. चिकू गेले, भिंत आली, लोखंडी गेट आलं आणि गेटवर वॉचमन आला.

“माताजी, मालिक का ऑर्डर है,” त्याने काकूंना पहिल्याच सकाळी सांगितलं. “अंदर से नहीं जाने का.”

काकूंनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत केळी घेऊन त्या बोईसरला चिरागच्या ऑफिसात गेल्या. त्याने बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

“काकी, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण मी जमीन घेताना वकिलाकडून सगळं तपासलं. कागदावर कुठे वाट नाही. माझे आईवडील म्हातारे आहेत. अंगणातून दिवसभर कुणीही यायचं-जायचं म्हणजे कसं चालेल?”

“कुणीही कुठे? मीच.”

“आज तुम्ही. उद्या तुम्ही विकलीत तर?” मग पुढे म्हणाला, “नाहीतर मलाच देऊन टाका ना वाडी. भाव चांगला देईन.”

“वाडी द्यायची असती तर वाट कशाला मागितली असती, बाबा?” काकू म्हणाल्या आणि केळी टेबलावर ठेवून निघाल्या.

पण त्याने नाही असंही म्हटलं नव्हतं. बघू, बांधकाम होऊ दे, दिवाळीनंतर बसू, असं चाललं होतं. काकूंचा माणसाच्या शब्दावर विश्वास. त्या थांबल्या. अखेर पालघरला एका वकिलाकडे गेल्या तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, “काकू, आधी का नाही आलात? वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करून ती मोकळी करून घेता येते. तुमची मुदत गेली. आता नव्याने रस्ता मागावा लागेल, हद्दीच्या बांधावरून. मिळतो. पण वेळ लागेल.”

काका परतताना म्हणाले, “जाऊ दे गं. या वयात कोर्टकचेऱ्या कशाला? नारळ काय, झाडावरच राहतील.”

“नारळ राहतील,” काकू म्हणाल्या. “केळी थांबते का?”

केळी थांबत नाही हे खरंच होतं. खाजणाच्या बांधावरून पायी वाडीत जाता येत होतं, पण तो बांध एवढा अरुंद आणि निसरडा की रिकाम्या हाताने चालतानाही तोल सांभाळावा लागे. डोक्यावर घड घेऊन तिथून येणं अशक्य. पहिल्या पावसाळ्यात निम्मा माल वाडीतच सडला.

तेव्हा धावून आली ती मुरब्याची नलू. नलू बोईसरच्या बाजारात मासळी विकते. काकूंच्या घरी तिची वर्षानुवर्षांची ये-जा. तिने ऐकलं आणि म्हणाली, “येवढं काय त्यात? पुढून नाय तर मागून. आमची होरी हाय ना!”

तिचा नवरा रामू खाडीत छोट्या होडीने मासेमारी करतो. भरतीचं पाणी चढलं की तो होडी थेट वाडीच्या मागच्या बांधाला लावायचा. काकू आणि काका घड उतरवून द्यायचे, रामू ते मुरब्याला न्यायचा, तिथून नलू मासळीच्या पाट्यांबरोबर बोईसरला. कृष्णकांतकाका जन्मभर समुद्राकाठी राहिलेले, पण पाण्याची भलतीच भीती. होडीत बसले की दोन्ही हातांनी काठ धरून डोळे मिटून घ्यायचे. रामू हसायचा, “काका, डोळं उगडा, पानी कमरेयेवढं बी नाय!” बाजारात गिऱ्हाईक केळी हुंगून नलूला विचारायचं, ही केळी आहेत की बोंबील? नलू त्याला काही कमी ऐकवत नसे. पण माल विकला जायचा. भाडं म्हणून रामूने एक पैसा घेतला नाही.

इकडे अर्ज दाखल झाला. तारखा पडू लागल्या. काकू प्रत्येक तारखेला इस्त्रीची साडी नेसून पालघरला जायच्या. कधी तहसीलदारसाहेब बाहेर, कधी समोरचा वकील गैरहजर. काकू बाकावर बसून राहायच्या, आणि शेजारी कोण बसलंय, त्याचं काय काम आहे, हे विचारून घ्यायच्या. सफाळ्याच्या एका बाईचा बांध शेजाऱ्याने नांगरला होता. काकूंनी तिला आपला वकील गाठून दिला. काका म्हणाले, “आपलंच घोंगडं भिजत पडलंय, आणि तू दुसऱ्यांची वाळवतेस.”

मग ती सुनावणी आली. चिरागचा वकील उठला आणि त्याने मोबाइलमधले फोटो काढून साहेबांपुढे ठेवले. रामूची होडी, होडीत केळीचे घड, काठ धरून बसलेले काका.

“साहेब, अर्जदारांना रस्त्याची गरजच नाही. त्यांच्याकडे पर्यायी मार्ग आहे. खाडीतून त्यांची नियमित वाहतूक चालू आहे.”

काकूंच्या वकिलाचा चेहरा उतरला. तो वाकून त्यांच्या कानात म्हणाला, “एक-दोनदाच गेलो होतो, असं सांगा.”

काकू उभ्या राहिल्या. मागे त्यांच्यासोबत आलेली नलूही बसली होती. तिला वाटलं, आपण मदत केली आणि तीच या बाईच्या गळ्याशी आली.

“फोटो खरे आहेत साहेब,” काकू म्हणाल्या. “एक-दोनदा नाही, पावसाळ्यापासून माझा सगळा माल होडीनेच जातो.”

वकिलाने डोळे मिटले.

“पण होडी रामूभावाची आहे. तो येतो म्हणून मी जाते. उद्या त्याला ताप आला, त्याचं मन फिरलं, त्याने होडी विकली, तर मी त्याच्याकडे काय मागणार? आधीची वाट होती ती पद्माकरभाऊंच्या भलेपणावर. भाऊ गेले, वाट गेली. आता रामूच्या भलेपणावर दिवस काढतेय. साहेब, माणसं भली मिळाली हे माझं नशीब. पण नशिबाला कुणी रस्ता म्हणतं का?”

साहेबांनी पुन्हा एकदा फोटोंकडे पाहिलं, मग मोबाइल परत दिला आणि स्थळपाहणीची तारीख लावली.

बाहेर आल्यावर नलू रडू लागली. काकूंनी तिला उसाचा रस पाजला. काका खुशीत होते. बायको साहेबांपुढे एवढं बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण परतीच्या एसटीत काकू खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या.

“काय झालं?” काकांनी विचारलं. “बरं वाटत नाही का?”

“अहो, पुंजाराम कुठून जातो?”

“कुठला पुंजाराम?”

“आपल्या मागचा.”

वाडीच्या मागच्या कोपऱ्यात, खाजणाच्या कडेला पुंजारामचा जमिनीचा तुकडा आहे. भात आणि वाल पिकवतो, तिथेच कुडाच्या घरात राहतो. त्याचा बाप काकूंच्या सासऱ्यांच्या वेळेपासून याच वाडीतून रस्त्यावर यायचा, आणि पुंजारामही तसाच येत आला. चिरागची भिंत झाल्यावर त्याचीही वाट बंद झाली, पण त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. तो मुकाट्याने खाजणाच्या बांधावरून जाऊ लागला.

“आपल्या वाडीतून जायचा. रस्ता झाला की पुन्हा जाईल. त्याचं काय?” काका म्हणाले.

“कुणाच्या भलेपणावर?”

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“मी तिथे एवढी ताडताड बोलून आले,” काकू म्हणाल्या, “आणि बोलताबोलता मला पुंजाराम दिसला. आपण उद्या नसलो आणि वाडी तिसऱ्याच कुणाकडे गेली, तर त्याला कोण विचारणार?”

स्थळपाहणीला साहेब स्वतः आले. खाडीला ओहोटी होती, नुसता चिखल दिसत होता. त्यांनी सगळीकडून फिरून पाहिलं. चिरागच्या जागेच्या उत्तरेकडच्या बांधालगत, त्याच्या घराला धक्का न लागता, टेम्पो जाईल एवढा रस्ता निघत होता. पंचनामा लिहून होत आला तेव्हा काकू म्हणाल्या, “साहेब, हाच रस्ता माझ्या वाडीतून पुढे पुंजारामपर्यंत लिहा ना.”

“त्यांनी अर्ज केलाय का?”

“नाही.”

“मग मला कसं लिहिता येईल? तुम्हाला द्यायचाच असेल तर संमतीपत्र करून नोंदवून घ्या. तुम्हाला कोण अडवतंय?”

अडवणारे घरातच होते. मुलगा अनुज पुण्याहून फोनवर म्हणाला, “आई, आपल्याच जमिनीवर आपणच बोजा चढवायचा? उद्या विकायची म्हटली तर भाव पडेल.” काकाही नाराज. “रस्ता झाला की तो जाईलच ना? आपण कधी नाही म्हटलंय? मग लिहून देण्याची काय गरज?”

“हेच पद्माकरभाऊंना वाटलं असेल,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. चिडचिड नाही, अबोला नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर.

एका सकाळी काकूंना काका घरात दिसले नाहीत. वाडीत जाऊन पाहतात तर काका काथ्याची दोरी आणि खुंट्या घेऊन मागच्या बाजूला उभे.

“अशी सरळ नेली तर तुझ्या पानवेली मध्ये येतील,” ते वर न पाहता म्हणाले. “इकडून नेऊ. केळीची एक ओळ जाईल फक्त.”

काकूंनी दोरीचं दुसरं टोक धरलं.

तहसीलदारांचा आदेश काकूंच्या बाजूने झाला. चिरागला वर अपील करता येत होतं, आणि त्याच्या वकिलाने तयारीही केली होती. चिराग एकदा जागा बघायला आला आणि भिंतीच्या टोकाशी उभं राहून त्याने आत डोकावलं. काकूंच्या वाडीत केळी तोडलेली, खुंट्या रोवलेल्या, दोरी ताणलेली.

“काकी, हे काय? रस्ता तर माझ्याकडून मिळालाय तुम्हाला.”

“हा माझ्याकडून. मागच्या पुंजारामला.”

“त्याने केस केली?”

“नाही रे बाबा. त्याला तर अजून सांगितलंही नाही.”

“तुम्ही माझी पंचाईत केलीत,” चिराग म्हणाला. अपील त्याने केलं नाही. त्याने भिंत मागे घेतली, पण आपल्या बाजूला उंच मेंदीचं कुंपण लावायची आणि फाटकापाशी हॉर्न न वाजवण्याची अट घातली. काकूंनी दोन्ही मान्य केल्या. तो काही त्यांच्या घरी जेवायला येत नाही, पण त्याची आई हल्ली मिरचीची रोपं मागायला येते.

पुंजारामला काकूंनी पालघरला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं. सगळं वाचून दाखवल्यावर तो खूश होण्याऐवजी गोंधळला.

“बाय, येवढं लिवायचं कशाला? तुमी मला कदी आडवलं नाय.”

“मी अडवणारही नाही,” काकू म्हणाल्या. “माझ्यामागून येणाऱ्याची हमी मी कशी देऊ? ती या कागदाने द्यायची.”

काका-काकूंच्या सह्यांखाली पुंजारामने सही केली. पुढे तलाठ्याकडे फेरफार होऊन काकूंच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत त्याची वाट चढली.

पुंजारामचं घरकुल कधीचं मंजूर होऊन पडलं होतं. विटाच पोचत नव्हत्या, घर कसं होणार? यंदा पाऊस उघडल्यावर मनोरकडून विटांचा पहिला टेम्पो आला. बांधावरून हळूहळू वळत काकूंच्या वाडीत शिरला आणि वळणावर त्याचं मागचं चाक पानवेलीकडे सरकलं. काकू आतून धावत आल्या, पदर खोचलेला, हातात कोयता.

“अरे ए, डोळे कुठे आहेत तुझे? रस्ता दिलाय म्हणून वाडी नाही दिली!”

ड्रायव्हर घाबरून थांबला. पुंजाराम टेम्पोच्या मागून पळत आला. काकूंनी स्वतः पुढे उभं राहून, हात करून टेम्पो मागे घ्यायला लावला, चाक सरळ करवलं, आणि मग बाजूला होऊन म्हणाल्या, “हां. आता जा. आणि परत येताना पाणी पिऊन जा.”