आडव्या नानांची साक्ष

आडवे नाना कधी कुणाच्या हो ला हो म्हणाले नाहीत. ग्रामसभेत ठराव वाचायला घेतला की पुढचं ऐकायच्या आधीच ते उभे राहायचे. लग्नात जेवण चांगलं झालं असं कुणी म्हणालं तर म्हणायचे, "वरणात मीठ कुठं होतं?" वरण मात्र पुन्हा पुन्हा मागून घेतलेलं असायचं. धावड्याजवळच्या आमच्या गावात त्यांना तोंडावर सगळे 'नाना' म्हणायचे, पाठीमागे 'आडवे नाना'. त्यांना ते ठाऊक होतं. "सरळ चालणाऱ्याला कोण विचारतं," म्हणायचे.

त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून, शेतंही बांधाला बांध लागून. पण बोलणं नाही. आमचा बांध त्यांच्या रानात हातभर सरकलाय असं नानांचं म्हणणं, आणि त्यांचा आमच्यात सरकलाय असं माझ्या वडिलांचं. हे भांडण आजोबांच्या वेळचं. नांगरटीच्या दिवसांत दोघं आपापल्या बाजूला उभे राहून, एकमेकांना ऐकू जाईल अशा बेतानं बैलांशी बोलायचे. "सर्ज्या, चोराच्या रानात पाय टाकू नको." बैल बिचारे चालत राहायचे.

मी सातवीत शाळा सोडली आणि भोकरदनला गेट-ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग शिकलो. मस्कतला कामाचं जमलं, पासपोर्टचा अर्ज केला, आणि पोलीस ठाण्यातून चौकशीला बोलावणं आलं. तिथं जमादारांनी अर्जातल्या जन्मगावावर बोट ठेवलं. आई पोटुशी असताना आईवडील गुजरातेत वीटभट्टीवर गेलेले. मी तिथंच झालो. नोंद कुठंच नाही.

"जन्म परराज्यात, दाखला न्हाई, शाळा अर्धी. तू इथलाच, भारताचाच, हे मी कशावरून लिहू?" जमादार म्हणाले. "दोन साक्षीदार आण. शेजारचे पाहिजेत. भावकीतले चालणार न्हाईत."

उलटा शेरा गेला की पासपोर्ट गेला, आणि पासपोर्टमागं कामही गेलं. माझी झोपच उडाली.

गिरणीवाले चाचा लगेच तयार झाले. दुसरा मिळेना. आमच्या आळीत ज्या दारात जावं तिथं आमचंच आडनाव. भावकीत नसलेला शेजारी आता एकच उरला, भिंतीपलीकडचा. वडील म्हणाले, "तुझं परदेश राहू दे. त्याच्या दारात जायचं न्हाई."

मी गेलो. नाना अंगणात फवारणीच्या पंपाचं तोंड सुईनं साफ करत बसले होते. मी चाचरत सगळं सांगितलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बापानं पाठवलं का?"

"न्हाई नाना. त्यांना पसंत न्हाई."

"मंग बराबर आहे," एवढंच म्हणाले. येणार की नाही, मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि चाचा जीपमधून ठाण्यापाशी उतरलो, तर नाना आधीच आत बाकावर. धुतलेलं धोतर, डोक्यावर कडक टोपी. चाचांचा जबाब झाला आणि जमादार नानांकडे वळले. "याला ओळखता?"

"ओळखतो म्हणजे? माझा बाप याच्या आज्याशी भांडला. मी याच्या बापाशी भांडून राह्यलो. बाहेरच्या माणसाशी कुणी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर भांडतं का, साहेब?"

"पण जन्म तर गुजरातेत आहे."

"मंग? गावात काम असतं तर याची माय पोटुशी भट्टीवर गेली असती का? तिला इथं काम का न्हाई दिलं, त्याचा दाखला आधी कुणाला तरी मागा. आणि गुजरात काय दुसऱ्या देशात आहे?"

बाजूचा शिपाई हसला. जमादार हसले नाहीत. त्यांनी जबाब लिहिला आणि सहीसाठी पुढं सरकवला.

"वाचून दाखवा," नाना म्हणाले.

'अर्जदाराच्या कुटुंबाशी माझे संबंध चांगले आहेत' या ओळीशी जमादार आले आणि नानांनी त्यांना थांबवलं. "हे खोटं आहे. खोडा."

जमादार समजुतीनं म्हणाले, "अहो, हे असंच लिहायचं असतं. वाईट लिहिलं तर पोराचंच अडेल."

"अडलं तर उद्या पुन्हा येतो, परवा येतो. खोट्या जबाबावर माझी सही न्हाई. उद्या बांधाचा दावा लागला तर हाच कागद माझ्यापुढं येईल."

"नाना, राहू द्या ना," मी कसंबसं म्हणालो.

ते माझ्याकडे वळले. "तू गप बस. भीक मागायला आलास का? लिहा साहेब. यांचं आमचं पटत न्हाई, बिलकुल न्हाई. पण पोरगं आमच्या गावचं आहे. आणि त्याला परका म्हणणाऱ्याशी माझं भांडण आहे."

जमादारांनी ती ओळ खोडली आणि शेवटचं वाक्य सोडून नानांनी सांगितलं तसं लिहिलं. नानांनी कागद फाटेल इतकी दाबून सही केली.

बाहेर आल्यावर मी चहा घ्या म्हणालो. "तुमच्या घरचा चहा न्हाई. आधी हातभर जमीन सोडा," म्हणत ते जीपमध्ये पुढं जाऊन बसले.

पासपोर्ट आला. वडिलांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं शेजारीच बसलेल्या आईला सांगितलं, "आला गं पासपोर्ट." त्यांच्याकडून नानांचे आभार मानले गेले ते एवढेच.

नाना गेले तेव्हा मी इथं मस्कतला होतो. जाता आलं नाही. साहेबाच्या टेबलासमोर उभा राहिलो की अजून माझे तळहात घामेजतात. परवा नानांच्या थोरल्याचा फोन आला. तो संभाजीनगरला नोकरीला आहे, समजूतदार माणूस. म्हणाला, "दादा, आता कशाला तो वाद? ती हातभर पट्टी तुम्हीच घ्या, मी लिहून देतो. तसंही तुम्ही आता तिकडचेच झालात."

"कोण म्हणतं तिकडचा?" माझा आवाज एवढा चढला की खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. "पट्टी फुकट नको. दिवाळीला मी सुट्टीवर येतोय. तू बांधावर ये, आणि नाना जुन्या बांधाची खूण कुठं दाखवायचे ते नीट आठवून ये. मी सहजासहजी सोडणार न्हाई."