लिहून व्हायच्या आधी

लेकीचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला उघडला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि खराडीच्या ऑफिसातले ते तीन आठवडे आठवले. कर्नेलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, डिस्कचा ड्रायव्हर – डिस्कवर फायली लिहून घेणारा प्रोग्रॅम – मी लिहिला होता आणि वीज गेली की फायली अर्ध्याच उरत होत्या. ग्राहक सोडून जायच्या बेतात होता. दिवसभर प्लग काढायचा, लावायचा, फायली तपासायच्या. "सगळ्या तपासल्यात?" आमच्या सीनियर बाई विचारायच्या. निम्म्यातच कंटाळून मी म्हणायचो, "झालं." शेवटी चूक बाईंनीच शोधली: डिस्कवर लिहून व्हायच्या आधीच ड्रायव्हर 'झालं' म्हणून कळवत होता. "अहो, हा तुमच्यावरच गेलाय," एवढंच त्या म्हणाल्या. कॉम्प्युटर अजून तसाच उघडा पडलाय. आतून लेकीने विचारलं, "बाबा, झालं का?" "झालं," मी म्हणालो.